सोमवारच्या रिंगा

कोणाच्याही घरी गेले की माझं लक्ष आधी त्यांच्या कुकरकडे जातं. इतर बायका शिट्ट्या मोजतात, मी झाकणाच्या कडेकडे बघत असते. तिथून वाफ निघत असेल तर मला स्वस्थ बसवत नाही. पुतणीच्या सासरी पहिल्यांदाच गेले होते, तेव्हा विहीणबाईंच्या कुकरची रिंग काढून, दोन्ही हातांनी ताणून मी खिडकीच्या उजेडात धरली. रिंग उत्तम होती, तसं मी सांगितलंही. तरी पुतणी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

दोष माझा नाही, नोकरीचा आहे. उज्जैनला मक्सी रोडवर कुकरच्या रबरी रिंगा करणारा एक कारखाना होता, तिथे मी तेवीस वर्षं गुणवत्ता विभाग सांभाळला. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक जाड नोंदवही, आणि कुकर कंपनीने टाकून दिलेले चार जुने कुकर. माधव नगरातल्या हळदीकुंकवात कुणी विचारलं, "सुधाताई, तुम्ही नेमकं करता काय?" की मी सांगायची, "दिवसभर चुका शोधते." त्यावर कोणीतरी हमखास म्हणायचं, "मग सासूबाईच की!" मी हसायची, पण मनातून राग यायचा. कारण चुका शोधणं हे माझं अर्धंच काम होतं, आणि तेही सोपं अर्धं. चूक मुळात होऊच नये अशी व्यवस्था लावायची, हे खरं काम. ते जमलं की काहीच घडत नाही, आणि जे घडलंच नाही त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही.

रिंग कशी होते ते थोडक्यात सांगते. कच्चं रबर मोठ्या रुळांमध्ये घालून मळतात, पोळ्यांची कणीक मळतात तसं. त्यात गंधक आणि इतर पावडरी घालतात. मळून झालं की त्याचा पट्टा काढतात. पट्ट्याचे तुकडे साच्यात ठेवायचे, वरून तापलेली प्रेस दाबायची. काही मिनिटांत उष्णतेने गंधक आपलं काम करतं, मऊ रबर पक्कं होतं आणि रिंग बाहेर पडते. एवढंच. पण एकदा पक्कं झालेलं रबर पुन्हा मऊ होत नाही. भाजलेल्या पोळीची परत कणीक करता येत नाही, तसं. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

मी कामाला लागले तेव्हा कारखान्यात खराब माल टाकायला एक लाल डबा होता आणि तो कायम रिकामा असायचा. आमचे मालक, सेठजी, तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. मला आठवड्यातच कळलं की डब्यात रिंग टाकणाऱ्याला सुपरवायझर सर्वांदेखत झापायचा, त्यामुळे खराब रिंगा लोकांच्या खिशांतून घरी जात होत्या. मक्सी रोडच्या वस्तीत निम्म्या बायकांच्या केसांना आमच्या रिंगा कापून बांधलेल्या होत्या! मी सेठजींना सांगून टाकलं की हा डबा भरला तर रागावायचं नाही, रिकामा दिसला तर रागावायचं. पहिल्या आठवड्यात डबा दोनदा ओतावा लागला. सेठजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण कुठे काय बिघडतंय हे आम्हाला पहिल्यांदाच दिसलं, आणि वर्षभरात तो डबा खरोखर रिकामा राहू लागला. त्या दिवसांचा मला अजून अभिमान आहे. त्या अभिमानानेच पुढे घात केला.

आमच्याकडे बोहनीचा रिवाज होता. महाराष्ट्रात दुकानदार भवानी म्हणतात, तीच ही. आठवड्याच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला की पहिली प्रेस रिकामी चालवायची नाही, ताज्या मिश्रणाची वाट बघत बसायचं नाही. म्हणून रबर मळणारे बाबूलालजी मिस्त्री शनिवारी संध्याकाळीच एक जाड पट्टा तयार करून ठेवायचे. त्यावर कुंकवाचं बोट लावायचे, एक झेंडूचं फूल ठेवायचे. सोमवारी सकाळी कैलाश परमार "जय महाकाल" म्हणून तो पट्टा कापायचा आणि दोन नंबरच्या प्रेसवर आठवड्याची पहिली रिंग काढायचा, मग तो पट्टा संपेपर्यंत पुढच्या. दुसरा कोणी नाही, कैलाशच. त्याचा हात शुभ मानला जायचा. एकोणीस वर्षं तो त्या प्रेसवर होता. रिंगेच्या कडेवरचा फालतू रबराचा पापुद्रा तो नखाने अशा सफाईने काढायचा की नवी माणसं बघत राहायची.

एका उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाकडून, कुकर बनवणाऱ्या एका कंपनीकडून, पोतंभर रिंगा परत आल्या. घराघरांत त्या दोन-तीन महिन्यांतच चिरल्या होत्या. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की राखीनंतर आमचा तपासनीस येईल, तोवर कारण सापडलं नाही तर आम्ही दुसरीकडून माल घेऊ. तो ग्राहक गेला असता तर कारखान्याची निम्मी माणसं घरी बसली असती.

आमच्या प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी असायची, तिच्यावर तारीख, प्रेसचा नंबर आणि कारागिराचं नाव; परत आलेल्या रिंगांसोबत कंपनीने त्यांच्या चिठ्ठ्याही पाठवल्या होत्या. मी पोतं ओतलं, चिठ्ठ्या लावल्या आणि नोंदवहीत रेघा मारत बसले. वार कोणता, प्रेस कोणती, माणूस कोण. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं. जवळपास सगळा खराब माल सोमवारचा होता, दोन नंबरच्या प्रेसचा होता आणि कैलाशच्या हातचा होता.

आता मागे वळून बघितलं की वाटतं, तिथे मी थांबायला हवं होतं. इंदूरच्या प्रशिक्षणात मला शिकवलं होतं की माणसाचं नाव हे कारण नसतं. पाच वेळा 'का' विचारा, मग बोला. मीच ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलं होतं. पण सोमवार म्हटल्यावर सुपरवायझर हसून म्हणाला, "संडे की उतरी नी होगी, मैडम," म्हणजे रविवारची दारू, आणि मला ते पटलं. मी एकदाही 'का' विचारलं नाही. नोंदवहीत, कारणाच्या रकान्यात, माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ऑपरेटर की लापरवाही, कैलाश परमार.

सेठजींनी ते वाचलं. "आपने लिख दिया तो पक्का ही होगा," ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता. मग म्हणाले, "पर सावन लग रहा है. सावन में किसी को निकालना ठीक नहीं. राखी हो जाने दो."

कैलाशला बोलावून तसं सांगितलं गेलं. जाताना माझ्या टेबलावरच्या नोंदवहीकडे त्याने एकदा पाहिलं.

उत्तरेकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे उज्जैनच्या आम्हा मराठी घरांत उपवासाचे सोमवार लांबतच जातात. त्या दिवसांत दर सोमवारी महाकाल पालखीत बसून शहर बघायला निघतात, तिथे तिला सवारी म्हणतात. सारं गाव रस्त्यावर असतं, कामाला कोण येणार? म्हणून शाळांसारखंच आमचे सेठजीही त्या महिन्यात रविवारची सुट्टी सोमवारी द्यायचे. रविवारी काम, सोमवारी सुट्टी, मंगळवारी बोहनी.

पोतं परत आल्यापासून मी रोजच्या तयार पुडक्यांतल्या रिंगा माझ्या जुन्या कुकरांत लावून वाफेवर ठेवत होते. तासभर वाफ, मग ताणून बघायचं. चारही कुकर दिवसभर शिट्ट्या मारत आणि जाणारा-येणारा डोकं आत घालून विचारी, "मैडमजी, खिचड़ी पक गई?" सावनच्या पहिल्या आठवड्यात मी सोमवारच्या मालाची वाट बघायला गेले तर सोमवार सुट्टीचा. रविवारच्या रिंगा ताणल्या, शाबूत. बुधवारच्या शाबूत. मंगळवारच्या मात्र बोटांत तटकन उघडल्या.

खोट सोमवारहून मंगळवारवर सरकली होती!

सुपरवायझरला त्यात काही नवल वाटलं नाही. "सवारी में चढ़ा ली होगी," तो म्हणाला. पण माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली, कारण सुट्टी सरकली की चूकही तिच्यामागे सरकते हे जरा जास्तच नेमकं होतं.

पुढच्या सोमवारी पुण्याहून नणंद आली होती, तिला पालखी बघायची होती. आम्ही दुपारीच राम घाटावर जाऊन बसलो. गर्दी वाढली तसे सेवेकरी दोर धरून वाट मोकळी करू लागले, आणि त्या दोराच्या टोकाला मला कैलाश दिसला. कपाळभर भस्म, ओठ सुकलेले. पालखी घाटावर आली, क्षिप्रेच्या पाण्याने अभिषेक झाला, तोवर तो दोर सोडून हलला नाही. मी शेजारच्या सेवेकऱ्याला विचारलं, हा कधीपासून उभा आहे? तो म्हणाला, "कैलाश भिया? सबेरे से. पानी भी नी पीते सोमवार को. बरसों हो गए."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण गर्दी पांगताना त्याने मला पाहिलंच. आपल्या हाताने त्याने आम्हा दोघींना वाट करून दिली. नणंद पुढे गेल्यावर म्हणाला, "मैडमजी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

"बोलो."

"आप बोहनी में कभी आए ही नी. कल आ जाओ. मेरे बगल में खड़े रहो और देख लो, मैं क्या गलत करता हूँ. मुझे भी तो मालूम पड़े."

त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. एकोणीस वर्षं ज्या हाताला लोक शुभ म्हणत होते, त्या हाताला काय झालं, हे त्याला कळत नव्हतं आणि माझ्या एका ओळीमुळे दोष आपल्याच हातात आहे हे त्याने खरं मानलं होतं.

तो म्हणाला ते खरं होतं. मी बोहनीला कधीच नसायची. पहिले दोन-तीन तास मशीन नीट लागण्यात जातात म्हणून मी रोजचे नमुने अकरा वाजता घ्यायची. आठवड्याची सर्वांत मानाची रिंग आमच्याकडे सर्वांत कमी तपासली जात होती.

मंगळवारी आठ वाजता मी प्रेसपाशी उभी होते. कैलाशने हात धुतले, साचा पुसला, महाकालाचं नाव घेतलं आणि दोन प्रेसच्या मधल्या रॅकवरून पट्टा उचलला. कुंकवाचं बोट, सुकलेलं फूल. त्याने सुरी चालवली, आणि मी म्हणाले, "ठहरो."

पट्टा कापताना आवाज आला होता. ताजं रबर कापताना आवाज येत नाही. मी कडेचा एक तुकडा चिमटीत धरून ओढला. शिळी कणीक तुटते तसा तो तुटला. मग मी त्या रॅकला हात लावला. लोखंड गरम होतं. सुट्टीतही प्रेस मंद तापत ठेवायचो, नाहीतर उघडल्यावर तापायला अर्धा दिवस जातो. म्हणजे तो पट्टा शनिवार किंवा रविवारच्या संध्याकाळपासून, जशी सुट्टी असेल तसा, त्या उबेत पडून अर्धवट शिजत होता. साच्यात पडल्यावर त्याचे तुकडे नीट एकजीव होत नव्हते. रिंग दिसायला छान निघायची, पण आतला सांधा कच्चा राहायचा आणि कुठल्यातरी घरात वाफेने उघडायचा.

अंदाजावर मी एकदा तोंडघशी पडले होते, पुन्हा पडणार नव्हते. बाबूलालजींकडून ताजा पट्टा काढून घेतला. ते फणकारले, "मेरे माल में खोट नी है, मैडम." मी म्हटलं, तेच सिद्ध करायचंय. कैलाशने दोन नंबरवर आधी शिळ्या पट्ट्याच्या रिंगा काढल्या, मग ताज्याच्या. शेजारच्या एक नंबरवरचा कारागीर रमेश, त्यानेही तसंच केलं. चार ढीग झाले, चार कुकर लागले. शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा अख्खा कारखाना माझ्या खोलीच्या दाराशी उभा होता आणि खिचडीबद्दल कोणी विचारलं नाही.

रिंगा मी कैलाशच्याच हातात दिल्या. रमेशने काढलेल्या शिळ्या पट्ट्याच्या रिंगा त्याने ताणल्या: तटकन उघडल्या. स्वतःच्या शिळ्या, त्याही उघडल्या. रमेशच्या ताज्या टिकल्या. शेवटी स्वतःच्या ताज्या रिंगांमधली एक उचलली. त्याने ताणलं, पुन्हा ताणलं, मनगटाला पीळ देऊन ताणलं. रिंग जशीच्या तशी. त्याने ती डोळ्यांना लावली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लोक पांगल्यावर मी एकटी बसले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. रिंग का चिरली? सांधा कच्चा राहिला. का? रबर आधीच शिजलं होतं. का? पट्टा दीड दिवस उबेत होता. का? रॅक प्रेसजवळ होता. रॅक तिथे का होता?

उत्तर माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर एक चौकट होती. आदल्या हिवाळ्यात, प्रशिक्षणाहून आल्यावर नव्या उत्साहात मी हा रॅक बसवून घेतला होता. त्याआधी बोहनीचा पट्टा पलीकडे मळणीच्या खोलीत, गार फरशीवर असायचा आणि सकाळी तो आणण्यात वेळ जायचा. मी तो वेळ वाचवला होता. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर सेठजींनी सर्वांसमोर मला प्रशस्तिपत्र दिलं: वर्षातली उत्कृष्ट सुधारणा. चौकटीतल्या फोटोत मी नवी साडी नेसून, त्या रॅकवर हात ठेवून हसत उभी होते. थंडीत काही बिघडलं नाही. उन्हाळा आला तसं बिघडत गेलं. त्याच चौकटीखाली बसून मी कैलाशचं नाव लिहिलं होतं.

खरं सांगते, मोह झाला. 'उष्ण हवामान' असं लिहिलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. सेठजींकडे जाऊन मी सांगितलं, "सेठजी, वो रैक मैंने रखवाया था." तोच मोह त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "तो चुपचाप हटवा दो. कंपनी को मौसम बता देंगे. आपका नाम क्यों खराब करना?"

"फिर कैलाश का नाम वैसा ही रहेगा," मी म्हटलं. सेठजींनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "जैसा ठीक लगे."

त्याच दुपारी रॅक हलवला. चौकट मीच उतरवली, खिळाही काढला. बोहनी मात्र बंद केली नाही. नव्या सुपरवायझरी डोक्यांना ते अंधश्रद्धा वाटतं, पण बोहनीत काही चूक नव्हती, चूक उबेत होती. बाबूलालजी सुट्टीनंतर एक तास लवकर येऊ लागले, ताजा पट्टा मळून त्यावर कुंकवाचं बोट लावू लागले. आणि माझा पहिला नमुना अकराला नाही, बोहनीच्या पहिल्या रिंगेचा ठरला. मी निवृत्त होईपर्यंत तो नियम मोडला नाही, आणि त्यानंतर एकही रिंग त्या कारणाने परत आली नाही.

राखीनंतर कंपनीचा तपासनीस आला. सुकलेला, अबोल माणूस, प्रत्येक रिंग नाकाजवळ नेऊन हुंगायचा. त्याने नोंदवही मागितली. कारणाच्या रकान्यावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं. "ये आपने खुद लिखा है? अपने बारे में?" मी हो म्हटलं. त्याने वही मिटली, चहा मागवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. ग्राहक टिकला.

तो गेल्यावर कैलाश माझ्या दाराशी आला. "मैडमजी, वो कॉपी एक बार देख लूँ?"

मी नोंदवहीचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. आमच्या कामात लिहिलेलं खोडून काळं करत नाहीत, पान फाडत नाहीत. चुकीच्या ओळीवर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर ते लिहून सही करायची. मी तसंच केलं होतं. कैलाशने अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं.

"इसमें मेरा नाम तो अभी भी दिख रहा है."

"दिखेगा. नियम है. जो गलत लिखा वो भी दिखना चाहिए." "माफ करो, कैलाश. मुझे उस दिन तुमसे पूछना था."

त्याचं बोट वर सरकलं. तिथे माझ्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: रैक प्रेस के पास रखवाया, सुधा मुळे.

"और ये ऊपर वाला आपका?"

"हाँ. मेरा."

त्याने दोन्ही नावं एकदा वाचली. मग त्याने वही मिटली, माझ्याकडे सरकवली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"तो रहने दो," तो म्हणाला. "सोमवार को बोहनी है, टाइम पे आ जाना."